काढलेला दिवा

गाडी खड्ड्यात आदळली की ड्रायव्हरसमोरचा ब्रेकचा लाल दिवा लागायचा आणि सपाट रस्त्यावर विझायचा. म्हणून घाट उतरायच्या आधी त्याने आमची जुनी बस डेपोत घेतली. मेकॅनिक आला. उभ्या गाडीत दिवा काही लागेना. "आत्ता कुठे लागलाय?" म्हणत त्याने चाकांकडे ढुंकूनही न बघता बल्बच उपसला आणि खिशात टाकला. "आता नाही लागणार."

"एवढ्यासाठी खोळंबा केला," माझ्या मागचे गृहस्थ करवादले. बाकीचे सुटलो बाबा अशा चेहऱ्याने हसले. मला शिसारी आली. घरात बघा, कचेरीत बघा, आपल्याकडे दुखणं कुणी शोधत नाही. कण्हणाऱ्याचं तोंड तेवढं बंद करतात आणि त्या शांततेला दुरुस्ती म्हणतात.

घाटाच्या तोंडाशी छोटं देऊळ लागलं. बल्बच्या रिकाम्या भोकाकडे एकदा बघून ड्रायव्हरने छातीला हात लावला. मी मागे वळले. करवादणाऱ्या गृहस्थांनी डोळे मिटून घेतले होते. बल्ब निघाल्यावर हसलेली सगळी बस हात जोडून बसली होती.