पाट्यावर हात चिरडत नाही

डॉक्टरीणबाईंनी माझा उजवा हात दिव्याखाली धरला आणि म्हणाल्या, "क्रश इंज्युरी आहे." म्हणजे चिरडलेली जखम. मधल्या बोटाचं टेंडन तुटलं होतं. टेंडन म्हणजे बोट ओढणारी आतली दोरी. करंगळी वाचणार नाही, हेही त्यांनी तिथेच सांगितलं.

मग विचारलं, "कसं झालं?"

मी ठणकावून सांगितलं, "घरी. पाट्यावर मिरची वाटत होते."

बाईंनी हाताकडे पाहिलं, मग मिरचीच्या भुकटीने कोपरापर्यंत लालभडक झालेल्या बाहीकडे. "आजी, किती मिरची वाटत होतात? अख्ख्या गावाचं जेवण होतं का?"

बाजूला उभी असलेली माझी सून पदर तोंडाला लावून खोकली. ती हसत होती, हे मला कळलं. माझ्या अंगावरच्या मिरचीने सगळा वॉर्ड शिंकत होता, आणि मी आपली पाट्यावर ठाम!

काही वर्षांपूर्वीची ती बाई, म्हणजे मीच, आता आठवली की तिच्या टाळक्यात टपली मारावीशी वाटते. नंदुरबारच्या मिरची पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, तिची उमर गेली. आधी उन्हात मिरची पसरणं, मग देठ खुडणं, आणि शेवटी कांडपाच्या मशीनवर. मशीनच्या पट्ट्याला जाळी नव्हती. शेठ दिवाळीला साडी द्यायचे आणि म्हणायचे, "तू तर घरनी शे." एवढ्या वाक्यावर ही बाई वर्षभर फुगून चालायची.

म्हणूनच हात त्या पट्ट्यात सापडल्यावर दवाखान्यात नेताना रिक्षात मुकादम म्हणाला, "काकू, घरमाच लागनं असं सांगजो. शेठनं नाव खराब व्हई," तेव्हा तिने मान डोलावली. घरची ना ती! घरच्या माणसाने घराचं नाव राखायला नको?

ऑपरेशन झालं. करंगळी गेली. शुद्धीवर आल्यावर मी दाराकडे डोळे लावून बसले. शेठ येतील, निदान मुकादम डबा घेऊन येईल. डबा आला तो सुनेच्या हातचा, आणि त्यासोबत मुकादमाचा निरोप: मशीनवर दुसरी बाई लागली, आता येऊ नको.

तेव्हा माझा पाटा फुटला. डॉक्टरीणबाई राउंडला आल्या तशी मी म्हणाले, "बाई, मी खोटं बोलले." सगळं सांगितलं. त्यांनी केसपेपरवर माझा जबाब नव्याने लिहिला आणि चौकीला कळवलं. कामावरचा अपघात असा पोलिसांना कळवावा लागतो, त्याला मेडिको-लीगल म्हणतात. जाता जाता म्हणाल्या, "हात मी शिवला. नोकरी शिवायला वकील लागेल."

मोफत सल्ला देणाऱ्या वकीलबाई भेटल्या. त्यांनी मला समजावलं ते तुम्हीही नीट ऐका. हाताला इजा झाली, त्याची भरपाई कोर्टात मागायची, तो दरवाजा वेगळा. कामावरून काढलं, त्याची तक्रार कामगार कार्यालयात, तो दरवाजा वेगळा. पण दोन्ही दरवाजांवर पहिला प्रश्न एकच: तू कामगार होतीस का? मजूर मुकादमाने आणला असला तरी ज्याच्या जागेत, ज्याच्या कामावर इजा झाली, तो मालक सुटत नाही.

मग सुरू झालं बाकड्यांवर बसणं. कधी फिजिओथेरपीचं बाकडं, म्हणजे आखडलेल्या बोटांना व्यायाम देतात ते, कधी कोर्टाचं. फिजिओथेरपीत चेंडू दाबायला द्यायचे. मी शेठचा चेहरा आठवून दाबायची. बोटं लवकर वळू लागली.

कोर्टात शेठचे वकील म्हणाले, "ही बाई आमच्याकडे कधी कामालाच नव्हती."

एवढी वर्षं लाल झालेले हात, आणि मी कधी नव्हतेच?

पुढे कामगार कार्यालयात शेठ स्वतः आले. साहेबांनी विचारलं, "या बाईंना कामावरून का काढलं?"

शेठ तापले. "कोन काढं? इतला वरीस मन्हाकडे काम करं तिनी! घरनी समजीसन ठेयेल व्हती. सोताच सोडीसन गयी!"

साहेबांनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. वकीलबाईंनी टेबलाखाली माझा पाय दाबला. इकडे 'कधी नव्हतीच', तिकडे 'सोडून गेली'. जी कधी आलीच नाही, ती सोडून कशी जाईल? बाईंनी ते बोलणं कोर्टापुढे ठेवलं, आणि शेठच्या वकिलांना एकदम चष्मा पुसावासा वाटला.

भरपाई मिळाली. कामही परत मिळालं, देठ खुडायचं, सावलीत बसून. पट्ट्याला जाळी लागली. शेठ आता मला 'घरनी' म्हणत नाहीत. 'बाई' म्हणतात. मला तेच गोड लागतं.

डॉक्टरीणबाई आणि वकीलबाई, दोघींना मी माझ्या हातचा ठेचा दिला. पाट्यावर वाटलेला. दोघी रडल्या, तिखटाने.

परवा फोन आला. पोत्यांची थप्पी कोसळून मुकादमाचा पाय मोडला होता. दवाखान्यातूनच विव्हळत होता, "काकू, शेठ म्हने घरमा पडनू असं सांग. डॉक्टरले काय सांगू वं?"

मी म्हटलं, "सांग, पाट्यावर मिरची वाटी ऱ्हायंतू."

मग मीच हसले आणि म्हणाले, "खरं सांग रे भाऊ. आणि तिथून हलू नको. मी वकीलबाईला घेऊन निघाले."