हुंगून दिलेले ड्रम

पर्यावरणाच्या कार्यशाळांचा मला मनापासून राग आहे. महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवताना इतक्या कार्यशाळा पाहिल्या, की आता नुसता फ्लेक्स दिसला तरी कपाळ दुखतं. पाहुणे गाडीची काच न उघडता येतात, प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी पीत पाणी वाचवायला सांगतात, एक रोप लावून भरपूर फोटो काढतात आणि जातात. रोपाला पाणी घालायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. म्हणून जेव्हा भीमराज ओव्हाळ माझ्या दारात येऊन म्हणाले की वस्तीतल्या पोरांसाठी असं शिबिर घ्यायचंय आणि चारुलताबाई, तुम्ही पाहिजेच, तेव्हा मी आधी तोंडावर नाही म्हटलं होतं.

पण भीमराजभाऊंना नाही म्हणणं सोपं नव्हतं. माझी इमारत आकुर्डी स्टेशनच्या मागे आहे, त्यांची बैठ्या घरांची वस्ती रस्त्याच्या पलीकडे. त्यांची मुलगी साक्षी माझ्या वर्गात होती. माणूस मूळचा राजगुरुनगरकडच्या खेड्यातला, मिसरूड फुटायच्या आत भोसरीच्या एका लहानशा प्लेटिंगच्या कारखान्यात लागला. गाड्यांच्या सुट्या भागांना रसायनाच्या टाकीत बुडवून चकाकी द्यायची, एवढंच काम. जन्मभर तेच केलं. पुढे कारखाना चाकणला गेला आणि जाताना जुन्या माणसांना मागे ठेवून गेला.

वस्तीत मात्र त्यांची ओळख कारखान्यामुळे नव्हती, ड्रममुळे होती. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं. माझ्या इमारतीला टाकी आहे, त्यामुळे मला त्याची झळ नाही. बैठ्या घरात ड्रम नसेल तर चूल पेटत नाही. कारखान्यात रसायन ज्यांतून यायचं ते निळे प्लास्टिकचे ड्रम रिकामे झाले की सुपरवायझर भाऊंना नेऊ द्यायचा. भाऊ ते धुण्याच्या सोड्याने घासायचे, उन्हात पालथे घालायचे, पुन्हा घासायचे. मग ज्याला द्यायचा त्याच्यासमोर ड्रममध्ये डोकं घालून हुंगायचे, बाहेरून एक थाप मारायचे आणि म्हणायचे, "घ्या, चांगला हाय." पैसा कधी घेतला नाही. वस्तीत नवं जोडपं राहायला आलं की पलंगाच्या आधी भाऊंचा ड्रम यायचा. बाजारातला कुणाला नको असायचा, भाऊंनी हुंगलेला हवा असायचा.

मागच्या वर्षी त्यांच्या बायकोची, कस्तुराबाईंची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा डायलिसिस. कशामुळे झालं हे भाऊंनी तिथे विचारलं, तर डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की अनेक कारणं असतात, एकावर बोट ठेवता येत नाही. दवाखान्यातल्या बाकावर बसून बसूनच शिबिराचं त्यांच्या डोक्यात आलं. वस्तीतली पोरं आता चाकणला तीच कामं करतात, कंत्राटी, हातमोजे असले तर असले. त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं आणि मी गेले.

त्यांनी कार्यशाळा कशी उभी केली ते सांगायलाच हवं, कारण माझ्या रागाला त्यात जागा उरली नाही. वार गुरुवार धरला, कारण कारखान्यांना सुट्टी त्या दिवशी. घरोघर जाऊन पोरांना स्वतः बोलावलं. जयंतीला डीजे लावायचा की नाही यावरून ज्या पोरांशी त्यांची बोलाचाली बंद होती, त्यांच्याही दारात गेले. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या सभागृहात स्टीलचे पेले, पोहे, आणि फ्लेक्सऐवजी साक्षीने खडूने लिहिलेला फळा. पाण्याबद्दल बोलायला माझ्या इमारतीतली ऋचा आली, जी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. आणि मध्यभागी, पाटावर, भाऊंनी कारखान्यातून आणलेला शेवटचा ड्रम ठेवलेला. विहाराला द्यायचा म्हणून राखून ठेवला होता. साक्षीने त्यावर वेल रंगवून लिहिलं होतं, टाकाऊतून टिकाऊ. भाऊ दर थोड्या वेळाने जाऊन त्यावरची धूळ पुसत होते.

ऋचा हुशार मुलगी. भाषण न करता तिने खेळ मांडला. चार बाटल्यांत चार तऱ्हेचं पाणी, एकीत नदीचं, एकीत थोडं रॉकेल घातलेलं, एकीत व्हिनेगर घातलेलं, एकीत नुसतं नळाचं. डोळे मिटून हुंगायचं आणि ओळखायचं. आधी यजमान, म्हणून भाऊंना बोलावलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, कारण वस्तीतलं सगळ्यांत भरवशाचं नाक तेच.

भाऊंनी रॉकेलची बाटली नाकाशी धरली आणि म्हणाले, नळाचं. पोरं हसली, त्यांना वाटलं भाऊ गंमत करतात. व्हिनेगरलाही ते नळाचंच म्हणाले. मग हसू थांबलं. मी शेजारीच बसले होते. ते माझ्याकडे किंवा कुणाकडेच बघत नव्हते.

ऋचाला यातलं काही माहीत नव्हतं. वातावरण हलकं करावं म्हणून ती ड्रमकडे वळली, झाकण काढून आत वाकली आणि लगेच मागे सरली. तिने विचारलं, यात आधी काय होतं? भाऊंनी रसायनाचं नाव सांगितलं. ती हळूच म्हणाली की असं प्लास्टिक रसायन शोषून घेतं, कितीही घासलं तरी ते थोडं थोडं पाण्यात उतरत राहतं. यात प्यायचं पाणी ठेवू नये.

त्या क्षणी भाऊंना गप्प बसता आलं असतं. बायकोच्या आजारपणाने खचलेला माणूस, कुणी दोष दिला नसता. मलाही, खरं सांगते, वाटलं की त्यांनी गप्प बसावं. पण ते पाटापाशी जाऊन उभे राहिले.

"मला वास येत न्हाई," ते म्हणाले. "लई वर्सं झाली. टाकीच्या वाफंनं गेला. तपासणीत कळलं तर कामावरनं काढतील म्हनून कुनाला बोललो न्हाई. ड्रम मी घासत हुतो मनापासनं. पन हुंगायचं ते उगं हुतं. लोकं थांबायची त्यासाठी, म्हनून हुंगायचो. ड्रम टाकून द्या समद्यांनी."

कुणी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. पोरांच्या मागे बायका येऊन बसल्या होत्या, त्यांतल्या छबूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांच्या घरात भाऊंचे दोन ड्रम. त्या एवढंच म्हणाल्या की वास तर यायचा, पण भाऊंनी हुंगून दिलाय म्हटल्यावर नळाच्या औषधाचा असेल असं वाटायचं. मग दुसरी बोलली, तिसरी बोलली. सगळ्यांना वास यायचा. प्रत्येक घराने आपल्या नाकापेक्षा भाऊंच्या नाकावर जास्त विश्वास ठेवला होता. बुद्धरत्न नावाचा मुलगा, ज्याची बायको पोटुशी आहे, पोहे तसेच ठेवून उठला आणि घराकडे पळत गेला.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ ड्रम परत मागत फिरले. काहींनी दिले. काहींनी शिव्या घालून दिले. काहींनी दिलेच नाहीत. पाणी कशात भरू ते सांगा आधी, असं त्यांना तोंडावर विचारलं गेलं. आपण वर्गात शिकवतो ते उंटावरून शेळ्या हाकणंच. नळाला रोज पाणी आलं असतं तर या ड्रमांना कुत्रं विचारलं नसतं.

विहारापुढे निळ्या ड्रमांचा ढीग लागला. भंगारवाला गणराज टेम्पो घेऊन आलाच. भाऊंनी त्याला हाकलला, कारण तो हेच ड्रम देहूरोडकडच्या कुठल्यातरी वस्तीत विकणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी कुणाचं तरी ड्रिल मागून आणलं आणि एकेका ड्रमच्या बुडाला भोकं पाडायला बसले. उन्हात, एकटे. साक्षी पाणी घेऊन गेली तर प्यायले नाहीत. मी दुपारी भाकरी घेऊन गेले.

भाकरी त्यांनी बाजूला ठेवली आणि म्हणाले, घरातला ड्रम राहिलाय. कस्तुराबाईंचा. तो सगळ्यांत पहिला, लग्नानंतर आणलेला. तो रसायनाचा नव्हता, साबणाच्या पाण्याचा होता असं त्यांना पक्कं आठवत होतं. बहुतेक पक्कं. "बाई, तुमी येऊन हुंगून बघा," ते म्हणाले. "तुमी सांगाल ते खरं."

मला जायचं नव्हतं. तरी गेले. कस्तुराबाई खाटेवर पडून होत्या, हाताला दवाखान्याची पट्टी. ड्रम कोपऱ्यात, वर घासलेलं झाकण, झाकणावर पालथा तांब्या. मी झाकणाला हात लावला तशा त्या उठून बसल्या.

"बाईंना कशाला वाकायला लावता," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मला इचारायचं. येतोय वास. पैल्या दिवसापास्नं येतोय. तुमी हुंगून आनलेला, म्हनून मी कदी बोलले न्हाई."

भाऊंनी माझ्या हातातून झाकण घेतलं, खाली ठेवलं आणि खांद्यापर्यंत ड्रममध्ये वाकले. आत जोरजोरात श्वास ओढत होते, ते दारापर्यंत ऐकू येत होतं. वर आले तेव्हा चेहरा पाण्याने ओला होता. त्यांनी कस्तुराबाईंकडे बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. त्यांना अजूनही कसलाच वास येत नव्हता.