बिनलेबलाची बाटली

बारीकबाई अंगाने चांगल्या दणकट होत्या. नाव पडलं होतं ते त्यांच्या टाक्यावरून. कपडा उलटा करून डोळ्याला लावला तरी शिवण कुठे सुरू झाली ते कळायचं नाही. दिवसभर लोकांचे कपडे शिवायचे आणि दुपारची जेवणं आवरली, की मशीन झाकून स्वतःचा पत्र्याचा डबा उघडायचा, हा त्यांचा शिरस्ता. त्या वेळात गिऱ्हाईक आलंच, तर ते मुकाट जिन्यात थांबे.

डब्यात घरं होती. पुठ्ठ्याची, तळहातावर मावणारी. नखाएवढ्या उशा, आगपेटीच्या काड्यांचा कठडा आणि प्रत्येक खोलीत मोहरीएवढा दिवा. बटण दाबलं की सगळं घर उजळायचं. नणंद एकदा म्हणाली, "वहिनी, मूलबाळ नाही म्हणून बाहुलीघर मांडलंत का हो?" बाईंनी तिच्याच कपड्याची बाही जोडत, "नाही, दिवे आवडतात म्हणून," एवढंच सांगितलं. पण नणंदेचं ते वाक्य पुढे कितीतरी दिवस काट्यासारखं सलत राहिलं. माणसाला एखादी गोष्ट नुसती आवडू नये? तिला दुःखाचा दाखला जोडायलाच हवा?

दिव्यांना जाणारी तार केसाहून बारीक. दिसायला नुसतं तांबं, पण अंगावर रोगणाचा असा पातळ थर की डोळ्याला दिसायचा नाही. तो निघाल्याशिवाय जोडाचा डाख धरत नाही आणि दिवा लागत नाही. ब्लेडने खरवडलं तर तार तुटायची. मेणबत्तीवर धरली तर काळी पडून हातातच मोडायची. बाई पॉलिश पेपरची घडी करून तिच्यात तार धरायच्या आणि झोपलेल्या बाळाच्या मुठीतून आपलं बोट सोडवून घ्यावं तशी हलकेच ओढायच्या. चार वेळा, पाच वेळा. मग तांब्याचा रंग जरासा गुलाबी व्हायचा, तेव्हा जमलं म्हणायचं.

रस्त्याच्या टोकाला सुट्या भागांचं दुकान होतं. तार तिथूनच यायची. एकदा दुकानदाराने कपाटातून एक बाटली काढून पुढे ठेवली. खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली, लेबल खरवडून काढलेलं.

"घासत काय बसता ताई? याचा थेंब लावा, जरा थांबा, पुसून टाका. तार चकचकीत!"

"हाताला काही होत नाही ना?" बाईंनी विचारलं.

"छे हो! पाणी आहे पाणी."

औषध होतं मात्र गुणाचं. थेंब टाकला की रोगण साप कात टाकतो तसं सुटून यायचं. बाई खूश झाल्या. चिमटीत तार धरून पुसत सुटल्या. बोटांची टोकं पांढरी पडली, थोडी बधिर झाली, पण दुखलं काहीच नाही. दुखत नाही म्हटल्यावर कोण थांबतं? आग सुरू झाली ती संध्याकाळी, आणि दुसऱ्या दिवशी अंगठ्याची न् दोन बोटांची कातडी पापुद्र्यासारखी निघून आली.

डॉक्टरांनी विचारलं, "काय होतं बाटलीत?"

"ठाऊक नाही."

"मग मी उपचार कशावर करू?"

घरी येईपर्यंत हा प्रश्न बाईंच्या डोक्यात भणभणत होता. राग आला तो डॉक्टरांचा नव्हे, दुकानदाराचा. आपल्याला काय भाजलं, एवढंही आपल्याला माहीत नसावं!

बाईंचे यजमान बस चालवायचे. शांत माणूस. बाईंच्या हाताला पट्ट्या, म्हणून सकाळी केस विंचरून द्यायचं काम त्यांच्याकडे आलं. स्टिअरिंग धरावं तसे ते दोन्ही हातांनी केस धरायचे.

"अगं, जाऊ दे ना. रोजचा माणूस आहे, वैर कशाला?"

"अहो, कुणी तुमच्या बसचे ब्रेक काढून ठेवले आणि वर म्हणालं, जाऊ दे, तर?"

 यजमानांचा कंगवा केसांत अडकला.

बाई दुकानात गेल्या. पट्ट्या बांधलेला हात गल्ल्यावर ठेवला आणि विचारलं, "बाटलीत काय आहे?"

"ते कसं सांगणार? धंद्याचं गुपित असतं."

"डॉक्टरांना हवंय."

"हातमोजे घालायची अक्कल तुम्हाला हवी होती ताई. शिवणकाम सोडून बायका तारा सोलायला बसल्या की हे असंच व्हायचं."

बाईंच्या कानशिलात रक्त चढलं. त्यांनी पिशवीतून बाटली काढली, टोपण उघडलं आणि त्याच्यासमोर सरकवली.

"तुम्ही मला पाणी म्हणून विकलंत. घ्या. एक घोट."

दुकानदार हसला. मग हसायचा थांबला. बाटलीला त्याने हात लावला नाही.

"नाही ना? मग मी इथेच बसते."

कोपऱ्यातलं स्टूल ओढून त्या खरंच बसल्या. जो येईल त्याला हात दाखवायच्या. "भाऊ, ती बाटली घेताय? आधी हे बघा." आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा हातातली बाटली हळूच परत कपाटात ठेवून निघून गेला. दुकानदाराच्या कपाळावर घाम आला.

"बाई, उठता का पोलिसांना बोलावू?"

"बोलवा. तेही हेच विचारतील, बाटलीत काय आहे म्हणून."

तेवढ्यात मागचा पडदा सरकला. दुकानदाराची बायको बाहेर आली. तिला बाईंनी यापूर्वी फक्त ओझरतं पाहिलं होतं. हातात नरसाळं होतं. ते तिने खाली ठेवलं, बाईंच्या हाताकडे पाहिलं आणि आपले दोन्ही पंजे शेजारी पसरले. नखं पिवळी, टोकं गुळगुळीत, कातडी जागोजाग सोललेली.

"बाटल्या मीच भरते," ती म्हणाली. "मला वाटलं, भांड्यांच्या साबणाने होतंय. यांनी तसंच सांगितलं होतं."

"आत जा," दुकानदार म्हणाला.

"नाही जात."

तोवर बाईंचा राग स्वतःच्या तीन बोटांपुरता होता. आता तो मावेना. परक्या बाईला फसवलं, ते एक वेळ धंदा म्हणून सोडून देऊ. पण घरच्या माणसाला रोज त्या विषात हात घालायला लावायचा आणि वर साबणाचं नाव सांगायचं?

"बोटांना गरम-थंड कळतं का तुमच्या?" बाईंनी विचारलं.

बायकोने नकारार्थी मान हलवली. "परवा तवा नुसत्या हाताने उचलला. वास आला तेव्हा कळलं."

 मग बाई दुकानदाराकडे वळल्या. "बाटलीतल्या औषधाचं नाव लिहा. आत्ता. ही माझ्याबरोबर येतेय."

त्याने लिहिलं. तो कागद घेऊन दोघी डॉक्टरांकडे गेल्या. नाव वाचून डॉक्टरांनी चष्मा काढला, हे नुसतं कातडीवर थांबत नाही म्हणाले, आणि दोघींच्या रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. तपासण्यांत काही वाईट निघालं नाही. दुकानदाराच्या बायकोने मात्र नरसाळ्याला पुन्हा हात लावला नाही. दुकानातून बाटल्या गेल्या आणि काही आठवड्यांनी परत आल्या. आता त्यांवर लेबल होतं, धोक्याची खूण होती, शेजारी हातमोज्यांचा गठ्ठा होता.

माफी दुकानदाराने मागितली नाही. त्याने बायकोच्या हाती तारेचं एक रीळ पाठवलं. बायकोला बाईंनी बसवलं, चहा पाजला, निवांत गप्पा मारल्या आणि रीळ तिच्याच पिशवीत परत घातलं.

बाईंचा अंगठा बरा झाला. तर्जनीचं टोक मात्र बधिर राहिलं. सुई आता अंगठा आणि मधलं बोट यांत धरावी लागते, टाका पूर्वीइतका बारीक येत नाही. गिऱ्हाइकांच्या ते लक्षात येत नाही, बाईंच्या येतं. तार त्या पुन्हा पॉलिश पेपरनेच सोलतात. ती तार यजमान आपल्या बसमार्गाच्या दुसऱ्या टोकाहून आणून देतात.

"आता मिटलं ना सगळं?" ते एकदा तार देताना म्हणाले. "रस्त्यात नमस्कार करतो बिचारा. राग सोड आता."

"बिचारा!" बाई म्हणाल्या. "बोट माझं गेलं, राग माझा. कधी सोडायचा ते मी बघेन. तुम्ही जरा उजेडातून बाजूला व्हा."