दोराखालचं गोणपाट

होळी होऊन दोन दिवस झालेले. कोथरूडात सकाळी साडेसातलाच उन्हाला धार आली होती, म्हणून उत्तरेश्वरनं सावलीतली पश्चिमेची भिंत आधी धरली. झुल्याच्या फळीवर बसून रंग मारत तो नवव्या मजल्यापर्यंत उतरला होता. कळंबकडचा माणूस. गावी विहिरी खोदायचा. अकरा वर्षं झाली, पुण्यात इमारती रंगवतो.

ब्रश बुडवायला वाकला आणि वर कर्रकन वाजलं. दोराचे बारीक तंतू त्याच्या गालावर पडले.

तो गोठला. काल संध्याकाळी दोर बांधताना गच्चीच्या कठड्यावर, दोराखाली त्यानं स्वतः दुहेरी गोणपाट घातलं होतं; सकाळी बसताना पुन्हा पाहिलं नव्हतं. ते जाग्यावर असतं तर तंतू पडले नसते.

"सर," लोखंडी जाळीआडच्या बाल्कनीत चहा पिणाऱ्या म्हाताऱ्याला तो म्हणाला, हळूच. "वर कुणाला तरी धाडा. दोर कापायलाय. खालचं गोणपाट निघालंय."

बाळ दामले फिजिक्सचे निवृत्त मास्तर. त्यांनी आत बायकोला हाक मारली. हेमाताई आल्या, ऐकलं आणि पांढऱ्याफटक पडल्या.

"अहो, ते मीच उचललं! पहाटे, कुरडयांखाली घालायला..." आणि तशाच अनवाणी गच्चीकडे धावल्या.

जाळी चार हात लांब. झोका घेतला की दोर सिमेंटच्या धारेवर घासणार. खाली सरकलं तरी हिसका.

"हलू नका," मास्तर म्हणाले. "खाली बघू नका. मान तेवढी वळवा. डोंगरावर चंद्र दिसतो?"

"दिसायलाय."

"तोही पडतोय. कायमचा."

"भलताच धीर देताव, सर."

"ऐका. पृथ्वी ओढते म्हणून पडतो. पण आडवा इतका जोरात चाललाय, की पडता पडता पृथ्वी हुकते. ओढ नसती तर सरळ निघून गेला असता. वेग नसता तर आला असता आपल्या डोक्यात."

"मला आडवं पळता यायचं न्हाई."

"तुम्ही बसा नुसते."

आणखी एक पेड सुटला. फळी बोटभर खचली.

"ती वढती का म्हून पण?" उत्तरेश्वरचे ओठ कोरडे पडले होते.

"ताणलेल्या चादरीवर वरवंटा ठेवला की चादर खचते, कडेचे दाणे तिकडे घरंगळतात. जड वस्तूभोवती अवकाश तसंच वाकतं म्हणतात. का वाकतं? चाळीस वर्षं शिकवलं. नाही माहीत मला."

वरून हेमाताईंचा रडवेला आवाज आला. "दोराखाली बोटसुद्धा जात नाही हो! अर्धाच उरलाय!"

मास्तरांच्या हातातली बशी निसटली. ते वळले, कपडे वाळत घालायची काठी ओढली, जाळीची छोटी खिडकी उघडून बाहेर सरकवली. "धरा. झोका नको. मी ओढतो, इंच इंच. चाळीस वर्षं फिजिक्स, आणि काठी आत्ता आठवते!"

उत्तरेश्वरनं काठी धरली. कर्र. पुन्हा कर्र. मग बोटं जाळीत अडकली, पाय अडकले, दोर सैल पडला. खिडकीतून तो आत घसरला, तसा फरशीवरच बसून राहिला.

हेमाताई आल्या त्या दारातच हात जोडून उभ्या. "माझ्यामुळं हो..."

"पाणी द्या आधी," तो म्हणाला.

दोन तांबे पाणी पिऊन तो गच्चीवर गेला. झिजलेला दोर कापून टाकला, नवा बांधला, त्याखाली गोणपाट परत घातलं, तीनदा लोंबकळून पाहिलं. बादलीतल्या रंगावर साय धरली होती. ती काडीनं काढून टाकत तो रंग ढवळू लागला.