पास्कूचा ओला टॉवेल

फोन मर्लिनचा होता, माझ्या धाकट्या बहिणीचा. मी शारजाच्या रोजच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. "दादा, पंखे बंद आहेत आणि पास्कू आतून ओ देत नाही..." एवढंच म्हणाली. अल ऐनच्या त्यांच्या शेतापर्यंत गाडी कशी चालवली ते आठवत नाही. ज्याची धास्ती घेतली होती तेच झालं होतं.

पास्कू, म्हणजे पास्कल, माझा मेहुणा. वसईच्या केळीच्या वाडीत वाढलेला. ऑफिसची नोकरी सोडून त्याने अल ऐनबाहेर छोटं शेत भाड्याने घेतलं आणि वाळवंटात ब्लूबेरी लावली, तीही बारक्या फळाची, रानटी जातीची. सगळ्यांनी वेड्यात काढलं, मीही. शनिवारी दुबई सिलिकॉन ओएसिसच्या बाजारात तो समोरच्याच्या तळहातावर दोन दाणे ठेवायचा. "पहिले खा हबीबी, मग बोल." जांभळ्या जिभांची पोरं "वन मोअर, अंकल" करत मागे लागायची. डब्यावरच्या 'ऑरगॅनिक' शब्दावर त्याचा भारी जीव. तोच शब्द जिवावर बेतला.

झाडं प्लास्टिकच्या घरात होती. एका टोकाला ओली जाळी, दुसऱ्या टोकाला पंखे. पंखे बाहेरची हवा जाळीतून आत ओढायचे, म्हणून आत गारवा. पण शेजारच्या खजुरांवर औषध मारलं की तेही हवेबरोबर आत येणार. म्हणून पलीकडच्या फोरमनचा फोन आला की पास्कू पंखे बंद करायचा आणि फवारणी संपेपर्यंत त्या बंद भट्टीत स्वतः उभा राहून झाडांवर पाणी मारायचा. एकदा मी तिथेच होतो. फोनवर फोरमनची घाई, "भाईजान, यल्ला, अभी दवाई मारेगा." पास्कूने बादलीत बुडवलेला टॉवेल डोक्याला गुंडाळला, क्रुसाची खूण केली आणि आत शिरला. प्लास्टिकमागे त्याची नुसती सावली हलत होती. मी बाहेरून ओरडलो, "बाहेर ये, मरशील!" आतून आवाज आला, "दादा, ओरडू नकोस, झाडं घाबरतात." बाहेर आला तेव्हा तोंड लालबुंद, आणि वर हसतोय, "खलास!" मर्लिन लिंबूपाणी घेऊन उभी होती.

मर्लिनचा फोन आला त्या दिवशी मात्र तो बाहेर आला नाही...

पास्कूच्या मातीनंतर काही आठवड्यांनी मी पुन्हा शेतावर गेलो. झाडांवर शेवटची फळं होती आणि मर्लिन हंगाम पुरा करायचा म्हणून हटून बसली होती. आम्ही फळं तोडत असताना पास्कूचा फोन वाजला, तो आता तिच्याकडे असतो. फोरमन होता. "भाभी, माफ करना, आज मारना पड़ेगा." तिने खिळ्यावरचा टॉवेल काढला, बादलीत बुडवला. तिने पंख्यांच्या बटणावर हात ठेवला. "दादा, तो असता तर बंद केले असते ना?"

"हो," मी म्हणालो. "म्हणूनच तो नाही."

हात तसाच राहिला बराच वेळ. मग तिने तो काढला. पंखे घरघरत राहिले, औषधाचा उग्र वास आत शिरला. "ही फळं गेली तर गेली," ती म्हणाली. "पुढच्या डब्यावरून तो शब्द काढून टाकू." आणि मग मोठ्याने रडली. मीही रडलो.

टॉवेल तिने परत खिळ्यावर टांगला. तो तिथेच आहे. शेतावर गेलो की अजूनही मी आधी त्या टॉवेलला हात लावून बघतो. कोरडा लागला, की मगच तिला हाक मारतो.