औषधाचा वास

कपाशीवर फवारणी सुरू झाली की बाभुळगावजवळच्या आमच्या शाळेत तो उग्र वास येतो आणि फळ्यावर लिहिता लिहिता मी थांबतो.

त्या सकाळी हाच वास दहावीतल्या वैशालीच्या ओढणीला होता. गणितात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. स्वतःचं सोडवून झालं की ती मागच्या बाकावरच्या मुलींना समजावत बसायची. त्या दिवशी मात्र तिच्या डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं.

"काय झालं गं?"

"काही नाई सर. बाबाले ताप होता, मंग मीच फवारा मारला. थोडं औषध उडलं अंगावर."

आमच्याकडं पिकावरच्या विषालाही औषधच म्हणतात. मीही औषधच ऐकलं. "जा, तोंड धुऊन ये," म्हणालो आणि फळ्याकडे वळलो. परत येऊन तिनं शेजारणीचं अडलेलं गणित सोडवून दिलं. संध्याकाळी दवाखान्यात नेता नेता ती गेली.

आता हजेरीआधी मी बाकांमधून फिरत मुलांचे कपडे हुंगतो. काल एका पोरीजवळ थबकलो. ती हसली.

"भेता कायले सर? औषधाचा तं वास आहे."

तिच्या डोळ्यांत पाणी आहे का, ते बघायला मी वाकलो आणि माझेच डोळे गच्च मिटले.