चौथीचा राहिलेला पेपर

ताई गेली त्याला आता दीड महिना होईल. भाच्याचा फोन आला तेव्हा मी दुर्गला माझ्या घरी मेथी निवडत बसले होते. "मावशी, आई गेली," एवढंच तो बोलला. मी विचारलं, "किती वाजता?" जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या बाईला अशा वेळीही आकडाच सुचतो... माझी मलाच चीड आली.

ताई म्हणजे कौसल्या, माझी मोठी बहीण. शाळेत माझ्या दोन इयत्ता पुढे. आमच्या नातेवाइकांत तिची एक गोष्ट फार कौतुकानं सांगतात, की कौसल्यानं बापाला पास केलं. तेराव्यालाही दोघातिघांनी ती सांगितली, लोक माना डोलवत होते आणि मी पंगतीत वाढण्याचं निमित्त करून तिथून उठले. गोष्ट खरी आहे. पण अर्धीच आहे, आणि उरलेली अर्धी माहीत असलेली मी आता एकटीच उरले आहे.

आमचे बाबा, डोमाजी, मूळचे भंडाऱ्याकडचे शेतकरी. हाताला सुतारकाम होतं. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता, तेव्हा ते एका ठेकेदाराकडे शटरिंगला लागले. काँक्रीट ओतायचं तर आधी त्याला धरून ठेवणारा लाकडी साचा लागतो, तो ते बांधायचे. अख्खं आयुष्य फूट आणि इंचात गेलेलं, आणि इथे रशियन साहेबांचे नकाशे मीटरमध्ये. बाबांना मीटरचा टेप मिळाला, पण डोकं फुटाचंच राहिलं. फूट-इंच लिहिताना ५.३ म्हणजे पाच फूट तीन इंच, तसंच त्यांना वाटायचं की टिंबाच्या पुढचा आकडा म्हणजे लहान माप. नकाशावर २.५ लिहिलेलं असलं की ते दोन मीटर आणि पाच सेंटीमीटर मोजायचे. एकदा त्यांनी साच्याच्या सगळ्या फळ्या अशा कापल्या. प्रत्येक फळी जवळजवळ हातभर तोकडी. ठेकेदारानं चारचौघांत पाणउतारा केला आणि पुन्हा असं झालं तर घरी बस म्हणून सांगितलं. त्याच सुमारास कारखान्यात कायमचे सुतार भरणार अशी बातमी आली. त्यासाठी परीक्षा होती, नकाशा वाचून माप काढून दाखवायचं. पास झालं तर नोकरी पक्की, क्वार्टर पक्कं. नाहीतर गावी परत, भावांच्या दारात.

ताई त्या वर्षी चौथीत होती. शाळा हिंदी, गुरुजी छत्तीसगढी, घरी आम्ही मराठी. जुलैत त्यांच्या वर्गात लाखापर्यंतच्या संख्या झाल्या, पोळ्यापर्यंत मोठे गुणाकार, दिवाळीपर्यंत भागाकार. दशांश थंडीत यायचे होते. ताई गुरुजींच्या मागे लागली, "दशमलव आधी शिकवा." कशाला विचारलं तर म्हणाली, "बाबूजी को चाहिए." गुरुजी हसले असतील, पण मधल्या सुट्टीत तिला एकटीला शिकवू लागले. रोज संध्याकाळी बाबा हातपाय धुऊन आले की ती पाटी घेऊन त्यांच्यासमोर बसायची.

"एक पूर्णांक आठ अन् एक पूर्णांक सात. किती झाले?"

"तीन पूर्णांक तीन," बाबा ठामपणे सांगायचे.

"बाबा, तुमी बाराले हातचा घेऊन राहिले. आता दहालेच घ्यायचा."

"असं कावून? इंच त बारा रायतात."

"हे इंच नोहेत ना, बाबा!"

"तुह्या गुरुजीले रंधा मारता येते का?" बाबा वैतागून विचारायचे, आणि ताई खुदकन हसायची. मग पुन्हा पहिल्यापासून. मी जवळ गेले की मला गप्प बसवलं जायचं. बाबांच्या शेजारची जागा आधी माझी होती. ती गेल्याचा राग माझ्या मनात किती होता हे मला फार उशिरा कळलं.

माघ सरेपर्यंत बाबांची टिंबाची भीती गेली. ताईच्या वर्गात तेव्हा परिमिती आणि क्षेत्रफळ चाललं होतं, तर बाबाच तिला जमिनीवर खडूनं आखून दाखवायला लागले. थंडीचे ते महिने आमच्या घरातले सगळ्यांत सुखाचे होते, असं मला आजही वाटतं.

बाबांची परीक्षा आणि ताईचा गणिताचा पेपर एकाच दिवशी आला. बाबांचं काम सकाळी आटोपेल, पेपर अकराला, असा हिशेब होता. निघताना बाबा दारात थांबले. "कौसे, तू गेटपर्यंत चाल माह्यासंग." एवढा दांडगा माणूस, पण एकटा निघायला तयार नव्हता. ताई दप्तर घेऊनच निघाली. कारखान्याच्या गेटवर शेकडो माणसं. बाबांचा नंबर लागला दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर. तोवर ते तिला सोडेनात. "आनखी एक विचार, आनखी एक विचार," असं ते म्हणत राहिले आणि ती त्यांच्याकडून मिळवण्या करून घेत राहिली. अकरा कधीच वाजून गेले होते.

शाळा सुटताना गुरुजींनी मला थांबवलं. "दीदी क्यों नहीं आई?" मी सांगितलं. ते म्हणाले, "उससे कहना, कल सुबह आ जाए. मैं उसका पर्चा ले लूँगा."

मी पळत घरी आले आणि मायला सांगितलं. मायला तेव्हा सातवा महिना होता. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "तिले सांगू नको. लेकरू आल्यावर मले कोन पाहीन? दोघीच्या दोघी शाळेत जाऊन बसान का?"

संध्याकाळी बाबा पास होऊन आले. जिलेबी आणली होती. ताईला खांद्यावर बसवून त्यांनी सगळ्या वस्तीत फिरवलं. एवढी मोठी मुलगी, लाजेनं आणि आनंदानं तिचं तोंड लाल झालं होतं. खाली उतरल्यावर ती पहिल्यांदा माझ्याकडेच आली. "सुशे, गुरुजी काई म्हनले का?"

"नाही," मी म्हणाले.

माय बघत होती, हे खरं. मी सात वर्षांची होते, हेही खरं. पण तो शब्द तोंडातून निघाला तेव्हा मला थोडं बरं वाटलं होतं, हे त्याहून खरं आहे. लाज वाटते लिहिताना.

पेपर बुडाल्यानं ताई चौथीत नापास ठरली. भाऊ झाला, ती घरी राहिली. आता काय पुन्हा चौथीत बसायचं, असं मायच म्हणाली आणि क्वार्टर मिळाल्याच्या आनंदात बाबांनीही फार ताणलं नाही. ती सोळाव्या वर्षी कुरुदला दिली गेली. मी शिकत गेले, गणिताची मास्तरीण झाले. मला पहिली नोकरी लागली तेव्हा तिनं मला साडी घेतली होती.

ती जाण्याच्या तीन आठवडे आधी मी तिला भेटायला गेले. या वेळी सांगायचंच, असं ठरवून गेले होते. तिच्या खाटेवर बसून सुरुवात केली, "ताई, त्या दिवशी गुरुजी..."

"मले माईत हाये," ती म्हणाली. "माह्या लग्नानंतर भेटले होते ते, कोहक्याच्या बाजारात. म्हनले, दुसऱ्या दिवशी मी दुपारपर्यंत तुझी वाट पाहिली."

मी म्हटलं, "मी लहान होते गं."

"हो ना. लहान होती तू." तिनं पांघरूण नीट केलं. "पन मंग मोठी बी झाली ना, सुशे."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते. मग तिनं सुनेला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.

तेराव्याची पाहुणेमंडळी गेल्यावर सुनेनं मला बाहेरच्या पडवीत बोलावलं. ताई तिथे गल्लीतल्या पोरांना चौथीचं गणित शिकवायची, फुकट, जुलै ते मार्च, हे मला ठाऊक होतं. वर्षाच्या शेवटी ती पोरांना पूर्ण पेपर घालायची आणि त्यांच्यासोबत सतरंजीवर बसून स्वतःही तो सोडवायची, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. सुनेनं एक गठ्ठा माझ्या हातात दिला. "मावशी, हे आईचे पेपर. दरसाल म्हनायच्या, मावशीले तपासाले देऊ. मग म्हनायच्या, रहने दे, उसको टाइम कहाँ है."

गठ्ठा आता माझ्या टेबलावर आहे. प्रत्येक पेपरावर डाव्या कोपऱ्यात लग्नाआधीचं नाव, कौसल्या डोमाजी, आणि खाली 'कक्षा चौथी'. मी रोज दोन-तीन तपासले. गुणाकार, भागाकार, दशांश, क्षेत्रफळ, सगळं बरोबर. हातचे जागच्या जागी, दहालाच घेतलेले. काल शेवटचा पेपर संपला. गुण मात्र मी एकावरही घातलेले नाहीत. लाल पेन उघडून बसते आणि पुन्हा मिटते. ते गुण गुरुजींनी घालायचे होते, दुसऱ्या दिवशी सकाळी.